मी नियंत्रण गटात असताना

१२ नोव्हेंबर, सकाळ (साडेअकरा)

ही वही १ तारखेला आणली. आज १२. अकरा दिवस टाळाटाळ झाली असं कोणीही म्हणेल. मी म्हणणार नाही. पहिले दोन दिवस पेन नव्हतं. तिसऱ्या दिवशी पेन मिळालं, पण वही गादीखाली गेली होती आणि गादीवर मी होतो. मग एवढे दिवस गेलेच आहेत तर एखादी चांगली तारीख बघून सुरू करू असं ठरवलं. १० चांगली होती. नेमका डोळा लागला.

आता रोज लिहिणार. रोज म्हणजे रोज.

वही शिक्षणशास्त्राच्या मॅडमची. रोज लिहून ठेवलं तर माणूस ठरवलेलं काम पुरं करतो का, यावर त्यांचं संशोधन चाललंय. त्यांच्या दाराबाहेरच्या टेबलावर वह्यांची चळत होती. फॉर्मवर सही केली आणि वरची वही उचलली. वहीच्या पहिल्या पानावर छापलंय की मजकूर कोणी वाचणार नाही, फक्त तारखा मोजणार. तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.

मनातलं: बाबांनी ३० तारखेची मुदत दिली आहे. तोवर एक लाइन धर, नाहीतर गुपचूप दुकानात येऊन बस. दुकान पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचं. पंपांशी माझं वाकडं नाही. पण तिथे बसायला स्टूल आहे आणि त्या स्टुलाला पाठ नाही. माणसाने टेकायचं कुठे?

तोवर मुक्काम ताईकडे. ताई विद्यापीठात जीवशास्त्रात पीएचडी करते, गोगलगायींवर. तिच्या लॅबला रंग काढतायत, म्हणून सध्या बाहेरच्या खोलीत मी आणि चोवीस गोगलगायी असे राहतो. त्या शांत आहेत. माझी काही तक्रार नाही.

एकच लाइन कशाला धरायची? इथे चार इमारती आहेत. जीवशास्त्र, शिक्षण, कंप्युटर, वैद्यक. चारही ठिकाणी संशोधनाला माणसं हवीत अशा चिठ्ठ्या लागल्यात. चारही धरणार. बाबांना ३० तारखेला एक नाही, चार लाइनी दाखवीन.

१३ नोव्हेंबर

मॅडमचा फोन. माझी निवड नियंत्रण गटात झाली!

मला वाटलंच होतं. माणसं बघून ठरवत असणार. बाकीचे नुसते गटात, आणि मी नियंत्रण गटात. मॅडम म्हणाल्या, तुला वेगळं काही करायचं नाही, नेहमी जगतोस तसाच जग. इतका विश्वास माझ्यावर आजवर कोणी टाकला नव्हता. पुढे वहीबद्दल काहीतरी सांगत होत्या, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

ताईला सांगितलं की आता सगळं नियंत्रण माझ्याकडे आहे. ती चहा पीत होती. चहा नाकातून आला. मग म्हणाली, वा राजे, असंच चालू द्या. घरच्यांना किंमत नसते.

१४ नोव्हेंबर

वैद्यकच्या इमारतीत गेलो. तिथले डॉक्टर झोपेवर काम करतात. दुपारी माणसाला गुंगी का येते? म्हटलं, मला विचारा. त्यांनी विचारलं नाही, मनगटाला एक पट्टा बांधला. त्यात माझी हालचाल, नाडी, झोप सगळं टिपलं जाणार आणि त्यांच्या कंप्युटरवर दिसणार. शिवाय रोज जेवणानंतर एक गोळी. काहींची खरी, काहींची पोकळ. कोणाची कुठली ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही म्हणे. कमाल आहे!

फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर मागितला होता. ताईचा पाठ नाही. बाबांचा दिला.

संध्याकाळी: माझी गोळी खरी आहे. जेवल्याबरोबर अशी तरतरी आली की तीनपर्यंत खिडकीत उभा राहून रस्ता बघितला. डोकं लख्ख.

रात्री शर्ट काढताना गोळी खिशात सापडली. म्हणजे नुसती जवळ बाळगली तरी लागू पडते. डॉक्टरांना सांगायला हवं.

१६ नोव्हेंबर

(काल लिहिलं नाही. काल लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, त्यामुळे सुरुवात कुठून करावी कळेना.)

आज कंप्युटर. तिथे माझ्याच वयाचा एक आहे, जाड भिंगांचा, सगळे त्याला चष्मा म्हणतात. तो असं यंत्र बनवतोय की ज्याला समोरच्याचा चेहरा बघून कळावं, याचं लक्ष आहे की नाही. पुढे वर्गात वापरणार. मला कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि पडद्यावरचा एक धडा वाचायला सांगितलं. मी माझा सगळ्यात एकाग्र चेहरा केला. यंत्र म्हणालं: लक्ष नाही, चौऱ्याण्णव टक्के.

भुवया उंचावल्या. सत्त्याण्णव टक्के.

चष्म्याला म्हटलं, यंत्र कच्चं आहे. तो म्हणाला, धड्यात काय होतं सांग. म्हटलं, प्रश्न यंत्राचा चाललाय, माझा नाही. मग त्याने पुन्हा वाचायला सांगितलं. या वेळी यंत्र म्हणालं: माणूस सापडला नाही.

चष्मा इतका हसला की चष्मा खाली पडला. मुलगा चांगला आहे. त्याला वाचवायला हवं या यंत्रापासून.

१८ नोव्हेंबर

ताई चार दिवस परगावी निघाली, तिच्या सरांना आकडे दाखवायला. गोगलगायी माझ्यावर सोपवल्या! जीवशास्त्रही आलं हातात.

काम असं. पाठीवर लाल ठिपका असलेल्या बारा जणींना रोज काकडी. निळ्या ठिपक्याच्या बारा उपाशी, त्यांना फक्त पाणी. पुठ्ठ्याची एक छोटी गल्ली आहे, शेवटी फाटा. उजवीकडे वळलं की काकडी (जाळीआड, नुसत्या वासापुरती). एकेकीला गल्लीत सोडायचं, वळायला किती वेळ लागतो ते लिहायचं. भुकेल्या गोगलगायी वाट लवकर शिकतात का, हे ताईला दाखवायचं आहे. दोन वर्षं चाललंय तिचं.

दारातून तीनदा सांगून गेली: निळ्यांना खायला द्यायचं नाही. जिन्यातून चौथ्यांदा. रस्त्यावरून पाचव्यांदा, ओरडून. सगळी गल्ली बघत होती. मी वरून हात केला.

१९ नोव्हेंबर

एका गोगलगायीला साडेसहा मिनिटं. चोवीस म्हणजे अडीच तासांहून जास्त, माझ्या हिशेबाने दिवसभराचं काम. मोजण्याचा भाग मी मधून मधून वगळला आहे, म्हणजे सहा जणींचा वेळ मोजला आणि बाकीच्यांचा चेहऱ्यावरून धरला. मला त्यांचा स्वभाव आता कळतो.

मनगटावरचा पट्टा ओल्या कामात अडचण करतो. काढून ठेवला. कुठे ते आठवेल.

२० नोव्हेंबर, दुपार

निळी सात नंबर माझ्याकडे बघत होती. दोन्ही शिंगं पुढे काढून. मी जेवत होतो. घास उतरेना.

ताईचं संशोधन आपल्या जागी, माणुसकी आपल्या जागी. निळ्या बाराही जणींना काकडीची एकेक पातळ चकती दिली. अगदी पातळ.

दुपारी चार: दुसरी चकती. पहिली फारच पातळ होती.

२१ नोव्हेंबर

बाबांचा फोन! मी बाहेर होतो (गादीवरून बाहेर). परत केला तर बाबा खुशीत.

झालं असं की डॉक्टरांच्या कंप्युटरवर माझी नाडी दिसेना आणि मी छत्तीस तासांत जेमतेम वीतभर हललो असं दिसलं. घाबरून त्यांनी फॉर्मवरच्या नंबरावर फोन लावला. तुमचा मुलगा दीड दिवस हललेला नाही. बाबा म्हणाले, हलायचं काही कारण पडलं होतं का?

मग डॉक्टर आणि बाबा चाळीस मिनिटं बोलले. माझ्याबद्दल पहिली पाचच. पुढची पस्तीस बाबांच्या झोपेबद्दल. बाबा एकोणीस वर्षं पंपांच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर रोज लिहून ठेवतायत की किती वाजता पडलो, किती वाजता उठलो, मध्ये किती वेळा जाग आली. एक दिवस खाडा नाही. डॉक्टरांनी म्हणे दोनदा विचारलं, एकोणीस? मग म्हणाले, काका, तुमच्या वयाचा गट अजून भरायचाय.

बाबांना गंमत वाटली असेल. मला तर वाटतं डॉक्टर त्यांच्याकडून माझीच माहिती काढत होते. मोठ्या संशोधनात असं आडून विचारतात.

पट्टा गोगलगायींच्या पेटीत सापडला. लाल तीन नंबर त्यावर बसली होती.

२३ नोव्हेंबर

ताई काल आली. पेटी उघडली. वजनकाटा काढला. निळी सात नंबर काट्यावर ठेवली. मग माझ्याकडे बघितलं.

म्हटलं, ताई, ती फार बघत होती गं.

ताई म्हणाली, अरे गाढवा, ती बघत नव्हती. त्यांना धड दिसतही नाही. अंधार-उजेड कळतो फक्त. तुझी सावली पडली होती तिच्यावर!

मग बराच वेळ बोलली. दोन वर्षांचा उल्लेख सहा वेळा आला. वेळांच्या कागदावर मी एके ठिकाणी 'अंदाजे समजूतदार' असं लिहिलं होतं, ते तिने मोठ्याने वाचून दाखवलं. हा आठवडा बाद, निळ्या बाराजणींना पुन्हा उपाशी ठेवून पहिल्यापासून सुरुवात. आणि ३० तारखेला मी बाबांकडे जावं, ती अडवणार नाही.

रात्री तिने माझ्या ताटात काकडीची कोशिंबीर वाढली. रागात होती की विनोद होता, विचारायचं धाडस झालं नाही.

२५ नोव्हेंबर

पाच दिवस उरले. पण आज मोठा शोध लागला. आंघोळ करताना. (आंघोळ लांबली. ताई दार वाजवून गेली.)

लोक म्हणतात, संशोधनाच्या शंभर दिशा. चूक! डॉक्टर बघतात, माणूस झोपतो का. मॅडम बघतात, ठरवलेलं करत का नाही. चष्मा बघतो, लक्ष कुठे असतं. ताई बघते, गोगलगाय वळते कधी. चार इमारती, चार जिने, चार वेगवेगळे चहा. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: हा हलत का नाही?

आणि त्या चौघांना ठाऊकच नाही की चौघांकडे येणारा माणूस एकच आहे. मीच ती मधली दोरी. हा प्रबंध मी लिहिणार. ३० तारखेच्या आत. निदान नाव.

चष्म्याला सांगितलं. त्याने यंत्रासमोर पुन्हा सांगायला लावलं. यंत्र म्हणालं: लक्ष आहे, अठ्ठ्याऐंशी टक्के! आम्ही दोघं उड्या मारल्या. नंतर कळलं की मागे दारात त्याच्या गाईड, कंप्युटरच्या मॅडम उभ्या होत्या, यंत्र त्यांचा चेहरा वाचत होतं.

२७ नोव्हेंबर

प्रबंधाचं नाव अजून नाही. तोवर शिक्षणाच्या मॅडमकडे जाऊन वही दाखवायची ठरवलं. चारांतलं हे एक तरी मी मनापासून केलंय. बारा तारखेपासून बहुतेक रोज.

मॅडमनी वही बघितली आणि चष्मा कपाळावर सरकवला. म्हणाल्या, ही कुठून आणलीस? म्हटलं, टेबलावरून. म्हणाल्या, अरे, वह्या दुसऱ्या गटासाठी. ते लिहिणारे. नियंत्रण गट म्हणजे ज्यांनी काहीच लिहायचं नाही, म्हणजे दोघांत काय फरक पडतो ते कळतं. फोनवर सांगितलं होतं ना तुला? वही घेतली असशील तर परत आणून दे म्हणून?

दूध उतू गेलं तेव्हा सांगत होत्या ते हेच.

मग मॅडमनी तारखांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, पहिले अकरा दिवस मात्र तुझं काम अगदी नमुनेदार आहे.

म्हणजे जेव्हा मी गादीवर पडून होतो तेव्हा माझं संशोधन उत्तम चाललं होतं. मी लिहायला बसलो आणि बिघडलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नेमाने केलं, आणि तेच नको होतं.

मॅडम मनाने चांगल्या. म्हणाल्या, वही आता ठेव तुलाच. आणि बाहेर पडताना: अरे, ठरवलेलं काम काय होतं तुझं? पुरं झालं का?

म्हटलं, ३० पर्यंत वेळ आहे.

२९ नोव्हेंबर, सकाळ (खरोखरची, सव्वाआठ)

लवकर उठलो. कारण उद्या ३०. बाबांना काय सांगायचं ते मुद्देसूद लिहून काढायचं ठरवलं. मुद्दा पहिला: चारही लाइनींत माझं नाव झालं आहे. (झालंच आहे. चारही ठिकाणी मला लांबून ओळखतात.) मुद्दा दुसरा: बाबांनी आणखी दोन महिने द्यावेत, फार तर तीन. मुद्दा तिसरा

बेल वाजली. दूधवाला असेल. ताई जाईल.

मुद्दा तिसरा: माझ्यासारख्या माणसाला एका स्टुलावर

ताई आत येऊन गेली. तोंड दाबून हसत होती. बाबा आलेत! ३० म्हणाले होते, २९ ला आले. मला वाटलं मला न्यायला. ताई म्हणाली, न्यायला कसलं, ते राहायला आलेत. डॉक्टरांच्या झोपेच्या संशोधनात त्यांचं नाव लागलंय, तीन महिने, आणि डॉक्टर स्वतः त्यांना घ्यायला स्टँडवर गेले होते. सोबत एकोणीस वर्षांची रजिस्टरं, दोन पिशव्या भरून. गादी तुझी घेणार म्हणाले, भिंतीकडची.

आणि दुकानाची किल्ली माझ्यासाठी आणली आहे. तीन महिने दुकान कोणीतरी बघायला हवं ना.

बाहेर मोजे काढतायत. गोगलगायींची चौकशी करतायत. आणि आता ताईला विचारतायत, हळू आवाजात, पण मला इथवर ऐकू येतंय:

हलला का तो?