टेपखालचं बोट

प्रिय खलील चाचा,

काल लातूरच्या बॉडीबिल्डिंग स्पर्धेत माझ्या वजनगटात मी पहिला आलो! ढाल तुमच्या शिलाई मशीनवर ठेवलीय अन् तिच्याच शेजारी बसून हे लिहून राहिलो. आधी तुम्हाला सांगायचं, मग घरी जायचं, हे कंधारच्या बसमध्येच ठरवलं होतं.

कुणाला पटेल का, पँट-शर्ट शिवायच्या दुकानामागं जिम होती म्हणून? डब्यांत सिमेंट ओतून केलेली वजनं, दारावर तडकलेला आरसा. दर जुम्म्याला तुम्ही दंडाला टेप लावायचे, आकडा खडूनं भिंतीवर लिहायचे. माझं पहिलं माप अकरा इंच. तेव्हापासून मला नावच पडलं, अकरा. कॉलेजात गोष्टी लिहायला लागलो तरी तुमच्यासाठी मी अकराच!

या खेळाचा जन्मही तुम्हीच सांगितला. आधी ताकदवान गडी जत्रेत गोटे उचलायचे. मग एकाच्या ध्यानात आलं, लोक गोट्याकडं बघतच नाहीत, उचलणाऱ्याकडं बघतात. त्यानं गोटा खाली ठेवला अन् नुसता उभा राहिला. झाली बॉडीबिल्डिंग सुरू. खरं होतं का ते, की काज करता करता मारलेली थाप?

तुम्ही गेल्यावर सहा महिन्यांनी चाचींनी टेप माझ्या हातात दिली. स्पर्धेला आठ दिवस होते. दंड मोजला. भिंतीवर तुमच्या हातचा शेवटचा आकडा पंधरा, टेपवर साडेचौदा! तीनदा मोजला. चाचींना विचारलं तर त्या हसल्याच.

"बेटा, त्यांनी टेपखाली बोट घातल्याबिगर कुणाचंच माप घेतलं नाही. कपडा अंगाला काचू नये म्हणून. सवयच ती."

लई राग आला, चाचा. चार वर्षं मी तुमचं बोट मोजून मिरवत होतो? एकदा तरी सांगायचं! स्पर्धेतून नाव मागं घ्यायला फोन काढला.

तेवढ्यात भिंतीवर अगदी खाली तो अकरा दिसला. तोही बोट घालूनच घेतलेला ना? म्हणजे मी आलो तेव्हा साडेदहाच होतो. दोन्हीकडून बोट काढलं तरी चार इंच उरत होते. ते माझे होते. फोन खिशात ठेवला.

लातूरला स्टेजवर माझ्या डावीकडं उदगीरचा गडी, उजवीकडं बिलोलीचा. दोघांचे दंड माझ्याहून जाड. पण पंचांच्या हातात टेप नव्हती, त्यांना फक्त डोळे होते. मी तुमच्या गोष्टीतला गोटा खाली ठेवला अन् उभा राहिलो. तुम्ही शिवलेली चड्डी जराही काचत नव्हती. माईकवर कंधारचं नाव आलं तेव्हा बिलोलीवाल्यानंच मला उचललं!

आता जुम्म्याचं माप मी घेणार. शब्द देतो, नव्या पोरांच्या दंडाला टेप लावताना मीही बोट घालीन. स्पर्धेच्या आठ दिवस आधी मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत काढीन, अन् भिंतीवरचा पहिला आकडा दाखवीन.

तुमचाच,
अकरा