पहिल्या कार्बनची चूक

बोरिवली (प.)
११ जानेवारी २०२५

चि. डेल्फिन हिस,
अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, गोराईला घरीही सगळं ठीक असेल. इथे उजळणी चालू आहे. तुझ्या बाकावर शीतल एकटीच बसते. फोन करायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र तिच्याच हाती देतोय.

माझ्या नोट्समध्ये कीटोनच्या यादीत ‘ब्युटेन-१-ओन’ छापलंय. दहा वर्षं मी तेच पान झेरॉक्स करून वाटतोय आणि मुलं ते पाठ करतायत. त्या दिवशी वर्गात तू उभी राहिलीस. ‘सर, हे कसं होईल? ऑक्सिजन टोकाच्या कार्बनला लागला तर त्या कार्बनवर हायड्रोजन पण राहतो ना. मग ते ॲल्डिहाइड झालं, ब्युटेनाल.’ मग फळ्यावर चार कार्बनची साखळी काढून दाखवलीस, की कीटोनचा ऑक्सिजन आतल्याच कार्बनवर हवा, त्याच्या दोन्ही बाजूंना कार्बन. तू खडू ठेवायच्या आतच मला माझी चूक कळली होती.

‘मी तिला फक्त जागेवर बस म्हणालो,’ असं मी घरी बायकोला, रश्मीला, सांगितलं. ते खोटं आहे. मी म्हणालो, ‘एवढी अक्कल आहे तर आईच्या पाटीवर जाऊन बस, मासे तरी नीट मोजशील.’ पोरं हसली. मीही हसलो. हे लिहितानाही लाज वाटते, डेल्फिन.

परवा मासळी बाजारात तुझी आई दिसली. मी तोंड चुकवून निघालो होतो, त्यांनीच हाक मारली. ‘सर, डेल्फिन क्लासला येत नाय. सायन्स सोडते म्हणते. तुम्ही समजवा ना, तुमचं ऐकेल ती.’ आणि माझ्या पिशवीत चार बोंबील तसेच, पैसे न घेता टाकले. म्हणजे तू घरी काहीच बोलली नाहीस. खरं सांगायचं सोडून मीही ‘हो, समजावतो’ म्हणालो आणि बोंबील घेऊन घरी आलो.

आज वर्गात सांगितलं, पान चुकलेलं आहे, डेल्फिन बरोबर होती. तुझ्या आईबद्दल बोललो त्याचीही सगळ्यांसमोर माफी मागितली. कोणी हसलं नाही. पण तू तिथे नव्हतीस.

सोबत नवं पान आहे, हाताने लिहिलेलं. छापण्याआधी तू तपासून दे. माझं तोंड बघायचं नसेल तर दुसऱ्या क्लासला जा, मी स्वतः बोलून ठेवतो, पण परीक्षेला बस. माझ्यापायी सायन्स सोडू नकोस. आणि मी काय बोललो ते आईंना मलाच सांगू दे. पुढच्या रविवारी सकाळच्या बोटीने येतो. नको असेल तर शीतलजवळ निरोप दे.

मान खाली घालून,
शौनक सामंत
(पुढे ‘सर’ लिहायला हात धजला नाही.)