कुसुमचा उपास, माझं मीठ

१७ सप्टेंबर १९५५, देवळी
अधिक महिना काल संपला. घरोघरी उपास सुटले, कुसुमचा सुटला नाही. महिनाभर एकवेळ जेवीन म्हणाली होती. आता ती एक वेळही दोन घासांवर आली आहे. सौ. कुरकुरते, अति तिथं माती म्हणते. मी म्हटलं, सोळाव्या वर्षी एवढा संयम दिसतो कुठं? लेक बापावर गेली असं मनात आलं आणि बरं वाटलं. लिहून ठेवतो.

२५ सप्टें.
शेजारच्या पार्वताबाई पोरीच्या पाया पडून गेल्या. "मास्तर, तुमच्या घरी देवी हाय. तिले जपजा." कुसुमचा चेहरा उजळला. पहाटेपासून चरखा, मग विहिरीचं पाणी, पुन्हा चरखा. बस म्हटलं तर बसत नाही.

४ ऑक्टो.
वर्गात एक मुलगा खोटं बोलला. नेहमीच्या रीतीप्रमाणे त्याला शिक्षा नाही, मी दुपारचं जेवण टाकलं. शेवटच्या तासाला रडत आला, खरं सांगितलं. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलो, सुटलो तेव्हापासून बारा वर्षं हीच रीत. मीठ सोडलं तेही तेव्हाच.
घरी आलो तर कुसुम म्हणाली, "बाबा, तुमचा उपास, तं मी पण नाई जेवत." नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

१३ ऑक्टो.
चरख्यासाठी कापसाचे पेळू ठेवायच्या डब्यात भाकरीचे तुकडे निघाले, बुरशी आलेले. ती ताट घेऊन चरख्यापाशी बसायची, आम्हाला रिकामं ताट दिसायचं. सौ.नं डबा माझ्यापुढं आपटला. "घ्या. हा पाहा तुमचा संयम."
आज पोरीकडं नीट पाहिलं. हातातली बांगडी कोपराच्या वर सरकते. चार महिने पाळी नाही, म्हणजे अधिक महिन्याच्याही आधीपासून. बायका हे पुरुषाला सांगत नाहीत, सौ.नं सांगितलं. मी एवढे दिवस काय पाहत होतो?

१६ ऑक्टो.
वैद्य म्हणाले क्षय असेल, नाहीतर जंत. काढा दिला. पार्वताबाई: "लगन करून द्या, आपोआप जेवाले लागन."
कुसुम काढाही ओततेच कुठंतरी.

१९ ऑक्टो.
कालपासून तिच्यासमोर बसलो आहे. तू जेवशील तेव्हाच मी जेवीन म्हणून सांगितलं. आज दुसरा दिवस. सौ. बोलत नाही. शाळेत निरोप पाठवला, ताप आहे म्हणून. मीच खोटं बोललो.

२१ ऑक्टो.
चौथा दिवस. अक्षर वेडंवाकडं येतं. दुपारी कुसुमनं माझ्या कपाळावर हात ठेवला. "बाबा, तुम्ही सोडा आता. तुम्हाले नाई जमणार. मले जमते." आवाजात जिंकल्याचा आनंद होता. मला भीती वाटली, माझ्या पोरीची भीती.
संध्याकाळी विहिरीपाशी घेरी येऊन पडली. उचलली तेव्हा वजनच लागलं नाही. सौ.नं माझ्या हातात लिंबूपाणी दिलं. "प्या आन् उठा. सकाळच्या मोटारीनं वर्ध्याले नेऊ. तुमचा हट्ट राहू द्या घरीच."

२२ ऑक्टो., वर्धा
दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. छाती तपासली, क्षय नाही. जंतही नाहीत. कुसुमशी एकटीशी बराच वेळ बोलल्या, मग मला आत बोलावलं.
"मास्तर, ही व्रत करत नाही. हिला खायची भीती वाटते. सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही तिला. हा आजार आहे."
भीती कसली? घरात कुणी कधी बोट लावलं नाही, म्हणालो.
"मारलं नसेल. वाखाणलं किती?"
 बरी होईल का विचारलं. असल्या दोन मुली पाहिल्या म्हणाल्या. एक वाचली.
दाखल केली.

२९ ऑक्टो.
चमच्यानं पेज, दूध. थोडं थोडंच देतात. एकदम दिलं तर काळजाला झेपत नाही म्हणे. सौ. तिथंच राहते. काल कुसुमनं दूध भिंतीवर फेकलं, सौ.ला नको ते बोलली. मग दिवसभर रडली.
पार्वताबाई नारळ घेऊन देवळीहून आल्या होत्या, पाया पडायला. मी दवाखान्याच्या फाटकातूनच परत पाठवलं. "काऊन मास्तर, आमचं काई चुकलं काय?" तुमचं नाही, म्हटलं. बिचारी नारळ माझ्या हाती देऊन गेली.

६ नोव्हें.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही घरी काय जेवता? सांगितलं: एक वेळ, भाकरी, अळणी वरण. त्या लिहिता लिहिता थांबल्या.
"ती घरी येईल तेव्हाही असंच?"
व्रत आहे, म्हटलं.
"कुणासाठी?"
रागानं उठून आलो. कालची पोर बारा वर्षांचं व्रत मोडायला सांगते. देवळीच्या मोटारीत बसलो आणि कुसुम चौथीत होती तेव्हाचं आठवलं. माझं पाहून तिनं वरणातलं मीठ नको म्हटलं होतं. मी तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर मिरवलं होतं. राग बाईंवर नव्हता.

१३ नोव्हें., वर्धा
उद्या लक्ष्मीपूजन. खानावळीतून वरणभात आणला, कुसुमच्या खाटेशी बसलो. मीठ वाढून घेतलं, वरणात कालवलं, खाल्लं. जीभ चरचरली. दुसरा घास घेताना रडू आलं, ते लपवलं नाही.
कुसुम टक लावून पाहत होती. पेजेची वाटी तशीच.
"बाबा, तुम्ही हारले काय?"
"हो. हारलो."
 तिनं हात पुढं केला, नुसती काडी. मी तिच्या तळव्यावर चिमूटभर मीठ ठेवलं. तिनं मूठ मिटली. तेवढ्यात भेटीची वेळ संपली, नर्सनं बाहेर काढलं. दारातून वळून पाहिलं तेव्हा मूठ मिटलेलीच होती.