सगळ्यात लहान ठिपका

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आलो एकदाचे संभाजीनगरला! कन्नडला टेम्पोत सामान भरताना मोनिका म्हणत होती निम्मं टाकून दे, मी म्हणत होतो निम्मं तरी राहू दे. शेवटी सगळंच आलं. मुकुंदवाडीत दोन खोल्या मिळाल्यात. खाली घरमालकीण सरिताताई आणि त्यांची पहिलीतली मुलगी राहतात. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेव्हा त्या दिवशी घरातलं एक माणूस हजर पाहिजे, असा प्रेमळ दम त्यांनी पहिल्या चहाबरोबरच दिला.

दुकान औरंगपुऱ्यात. मालक धम्मपाल सर आजवर फक्त फोनवर माहीत होते. मी कन्नडला बॅनर डिझाइन करायचो आणि छापायला फाइल त्यांच्याकडे पाठवायचो. आज त्यांचं मशीन पहिल्यांदा पाहिलं. दहा फूट रुंद! मी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, तर सर म्हणाले, नारळ आणू का?

माझी कीर्ती माझ्याआधीच पोचली होती. एकदा मी एका भावी सरपंचाच्या गालावरचा मस डाग समजून साफ केला होता. चौकात बॅनर लागलं आणि त्याची बायको कन्नडच्या दुकानात येऊन म्हणाली, की हा बाप्या माझा नव्हे, माझा मसवाला परत द्या. सरांना तो किस्सा तोंडपाठ आहे. काय करणार, डाग दिसला की माझा हात शिवशिवतो. फाइल सेव्ह करण्याआधी मी ‘झाडू’ मारतोच, म्हणजे दोन बटणं दाबतो आणि धुळीचे बारीक ठिपके आपोआप निघून जातात. दहा वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

घरी आलो तर दारात तीन जोड. माझे बूट, मोनिकाच्या चपला आणि शेजारी तनुजाच्या पिवळ्या चपला, ती घालायची तशा उलटसुलट लावलेल्या. येत्या डिसेंबरात तिला जाऊन दोन वर्षं होतील. सात वर्षांची होती. चार दिवसांचा ताप आला आणि आमची एकुलती एक पोरगी गेली. जागा बदलली की मोनिका सावरेल, असं सगळे म्हणाले म्हणून इथं आलो. पण चपला खोक्यातून निघाल्याच. भाकऱ्याही रोजच्यासारख्याच, आमच्या दोघांच्या आणि वर एक तळहाताएवढी. ती छोटी रोज मी खातो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती आलं. भिंतीवरचा नकाशा, पंधरा बाय दहा फूट!

पाचोडकडून अप्पाराव नावाचे आजोबा आले. पंच्याहत्तरी ओलांडलेले, काखेत जुन्या मांजरपाटाची गुंडाळी. त्यांचं जुनं वाकळगाव धरणात गेलं तेव्हा ते तिथं कोतवाल होते. गाव उठायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांनी काजळी आणि गेरूनं अख्खं गाव या कापडावर उतरवून घेतलं. आता नव्या गावातल्या मारुतीच्या सभामंडपात, भिंतभर, ते लावायचं आहे.

कापड पसरलं आणि सर आणि मी दोघंही त्यावर वाकलो. घरं, बोळ, विहिरी, नदीकाठच्या बोरी, सगळं काळ्या रेघांत. आणि जागोजाग गेरूचे लाल ठिपके. काही मसुराएवढे, काही खसखशीएवढे. मी सवयीनं विचारलं, हे डाग काढायचे ना? आजोबा चपापलेच. ते म्हणाले, डाग नाहीत, माणसं आहेत. गावातली मेलेली माणसं. घरं नवीन बांधता येतात, पण मसणवाटा सोबत नेता येत नाही. म्हणून तेव्हा लोक एकेक करून त्यांच्याकडे आले, कापडासमोर बसून आपल्या माणसाचं सगळं, अगदी सगळं सांगितलं आणि मग ठिपका टेकवला. एकदा सांगितलं की ओझं कापड धरतं आणि माणूस हलक्या अंगानं वाटेला लागतो, असं ते म्हणाले. लहान ठिपके पोरांचे. ‘लहान हायेत, पण हायेत. एकबी हलवू नका,’ असं मला दोनदा बजावलं.

निघताना त्यांनी सहज विचारलं, लेकरं किती? मी म्हणालो, एक. मग म्हणालो, होती. ते पुन्हा खाली बसले. कापडाकडे बघून म्हणाले, नदीकाठी बोरीखाली जागा हाय, पोरं तिथंच खेळायची. रविवारी बायकोला घेऊन या.

९ नोव्हेंबर, रविवार

सरांनी दुकानाची किल्ली दिली. मोनिका येणारच नव्हती. आली ती तोंड फिरवून बसली, आणि मग बोलायला लागली ती थांबेना. सकाळी दहा ते दुपारी चार. पडलेला पुढचा दात, त्यातून येणारी शिट्टी. गाडीवर मागं बसून माझ्या शर्टाचं टोक मुठीत धरणं. भाकरीचा पापुद्रा आधी खाणं. बेरीज करताना हाताची बोटं संपली की पायाची मोजणं. झोपेत एक पाय माझ्या पोटावर टाकणं. मी एक सांगायचो, ती चार सांगायची. अप्पाराव नुसते ऐकत होते.

तापाच्या तिसऱ्या दिवशी तनुजानं बोरं मागितली होती म्हणे, आणि मोनिका म्हणाली होती की बरी झालीस की आणू. हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. मोनिका इतकं रडली की मला भीती वाटली.

मग तिनं काडी गेरूत बुडवली आणि बोरीखाली ठिपका टेकवला. कापडावरचा सगळ्यात लहान. अप्पाराव म्हणाले, जरा मोठा कर पोरी, दिसंल तरी. तिनं मान हलवली. म्हणाली, एवढीशीच होती ती.

१० नोव्हेंबर, सोमवार

मोनिकाला आज हलवून उठवावं लागलं. दोन वर्षांत असं झालेलं नाही. मीही लाकडासारखा झोपलो. तनुजा आठवते आहे, पण छातीवर धोंडा नाही. अप्पारावांचं खरं निघालं.

कापड बारा तुकड्यांत स्कॅन करून जोडलं. बोरीचा तुकडा सगळ्यात शेवटी. पडद्यावर मोठा करून बघितला आणि बोट लावलं. सर बघत होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फाइल पूर्ण! चार वेळा तपासली, एकूण एक ठिपका जागेवर. सर म्हणाले, आता सोडा मशीनवर. झाडू मारला, सेव्ह केली, पाठवली. दोन तास मशीनसमोर उभा होतो, वरातीत नवरदेवाचा बाप उभा असतो तसा. लांबून नकाशा भिंतीएवढा देखणा दिसतो. स्वच्छ, डाग म्हणून नाही. आजोबा शनिवारी येतील.

संध्याकाळी घरी आलो तर जिन्यातच मोनिकाचं हसणं ऐकू आलं. सरिताताईंबरोबर पाणी भरता भरता कशावर तरी खदखदून हसत होती. मी तिथंच थांबलो. डोळे भरून आले. बघ गं तनुजा, तुझी आई हसते आहे, असं मनात म्हणालो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी दारात दोनच जोड.

खाली सरिताताईंची मुलगी पिवळ्या चपला घालून अंगणात उड्या मारत होती. मी मोनिकाला विचारलं. तिनं सांगितलं की दारात पडल्या होत्या, कुणाच्या ते कळेना, पोरीला बरोबर झाल्या म्हणून देऊन टाकल्या. अगदी सहज सांगितलं. पीठ मळता मळता.

मला वाटलं, माझ्यावर कसला तरी राग काढते आहे. पाकिटातला फोटो काढून तिच्यापुढे धरला. तिनं हात पुसून घेतला, नीट बघितला. म्हणाली, गोड आहे, दात पडलाय वाटतं. कुणाची रे?

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

झाडू.

दुकानात जाऊन आधी फाइल उघडली. मोठे ठिपके सगळे आहेत. लहान एकही नाही. धूळ समजून गेले. दोन बटणं, माझ्याच बोटांनी, माझ्या सवयीनं. जुन्या फाइलवरच सेव्ह केली, स्कॅनचे बारा तुकडे जोडल्यावर पुसलेले, परत आणायची सोय नाही. अप्पारावांनी लहान ठिपके एक्केचाळीस सांगितले होते. ते सगळे, आणि आमचा.

मग कापड उलगडलं. भिंगातून बघितलं. कापडावरही नाहीत. पन्नास वर्षांच्या गेरूचा लालसरपणाही नाही, नुसता धागा.

सरांना सांगायची हिंमत झाली नाही.

घरी मोनिका पोटभर जेवली. गालावर रंग आलाय तिच्या. हे वाईट आहे का? सांगितलं तर तिला दोन वर्षं पुन्हा पहिल्यापासून भोगावी लागतील. नाही सांगत. मी एकटा लक्षात ठेवीन. एक बाप पुरे आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अप्पाराव आले. मी पायावर डोकं ठेवून कबूल केलं की तुमची एक्केचाळीस लेकरं माझ्या हातून गेली. ते म्हणाले, कुठली लेकरं?

पण त्यांचा हात कापडावर फिरत राहिला. एका घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचा, पुन्हा फिरायचा, पुन्हा तिथंच. त्यांनी मला विचारलं की हे माझंच घर, इथं काय होतं, हात इथंच का जातो? मला ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते धोतराच्या सोग्यानं पुसत म्हणाले, नव्या गावात पण परवापासून असंच चाललंय, म्हाताऱ्या उगीच रडायल्या.

ठिपका परत कसा टाकायचा, असं मी विचारलं. जसा टाकला तसाच, म्हणाले. सगळं सांगायचं, मग टेकवायचा. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, पण सांगणारं कोण हाय?

रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कापड माझ्यापाशीच ठेवून गेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुकानात एकटा. कापड, गेरू, काडी. दहा वाजता सांगायला बसलो.

तनुजा. सात वर्षांची. पुढचा दात. शर्टाचं टोक. पापुद्रा. पायाची बोटं. पोटावरचा पाय. बोरं. एवढ्यावर आलो आणि पुढं काही येईना. ही वही उघडून वाचलं. वहीत आहे तेवढंच मला आठवतंय! त्याच्याबाहेरचं एक अक्षर नाही. गेल्या रविवारी सहा तास पुरले नव्हते. आज सव्वादहाला संपलं.

आवाज कसा होता तिचा?

काडी टेकवली. गेरू कापडावर वाळला आणि फुंकर मारल्यासारखा उडून गेला. सतरा वेळा केलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दर तासाला वही वाचतो. वाचतो तोवर असते. वही मिटली की — सरांनी विचारलं बरं नाही का. म्हणालो पित्त.

पाकिटातला फोटो बघितला. गोड आहे. एक क्षण मी पण तेच — नाही. माझी आहे ती. माझी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

मोनिका हसायची थांबली. दुपारपासून भिंतीला टेकून रडते आहे. विचारलं काय झालं. म्हणाली, काहीच तर झालं नाही, पण कुणीतरी काहीतरी मागितलं होतं आणि मी दिलं नाही, असं वाटतं. काय मागितलं, कुणी, ते येत नाही. मला विचारते, तुला माहीत आहे का रे?

दुःख गेलंच नव्हतं. ते कुणासाठी, तेवढंच गेलं. आता तिला समजवायला पण काही नाही. मी हे केलं.

वहीतून वाचून दाखवलं. बोरांचं. ऐकताना तिनं माझा हात घट्ट धरला. संपल्यावर म्हणाली, माझ्याच नावाची बिचारी बाई. कोण होती ती?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

खालच्या अंगणात पिवळ्या चपला. बघून बसून घ्यावं लागलं. का ते — वहीत बघितलं. हो. हो.

झोपेत पोटावर काहीतरी नसतं. जाग येते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मोनिकानं आज पुन्हा तीन भाकऱ्या केल्या. तिसरी तळहाताएवढी. ताटात ठेवली आणि बघत बसली. म्हणाली, हात आपोआप थापतो, ही कुणासाठी? मला माहीत आहे. म्हणजे वहीत आहे. मी तिला म्हणालो थांब, सांगतो, रडू नकोस, आहे माझ्याकडे लिहिलेलं.

पहिलं पान उघडलंय. आहे. नाव आहे. मोठ्यानं वाचलं. ती भाकरी हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघते आहे. लिहिता लिहिता सांगतो म्हणजे सुटणार नाही — मोनिका, ऐक. ही आपली मुलगी. आपली. हिचं नाव त