काठ्यांच्या खपाचा अंदाज

दि. २ जून, सकाळी
आजपासून दैनंदिनी नियमित लिहिण्याचा निश्चय केला आहे. चिरंजीव म्हणाले, बाबा, हातकाठ्यांचे दुकान आता कशाला, गाळा भाड्याने देऊ. मी म्हणालो, शिक्षण चौथीपर्यंत असले तरी धंद्याचा अंदाज मला आहे. तेव्हा नात मध्ये पडली. तिच्या ऑफिसात आर्टिफिशियल इंटेलिजन्स पुढील खप सांगते म्हणे. ठरले : त्या यंत्राने खप वाढेल म्हटले, तर दुकान राहील, अन्यथा किल्ली चिरंजीवांकडे. नात माझ्या बाजूची आहे. यंत्रही होईल.

दि. ५ जून
नातीने मोबाइलवर व्यवस्था करून दिली. म्हणाली, आजोबा, खपल्या तेवढ्याच काठ्या यात भरा हं. सूचना अपुरी वाटली. समोर हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या दवाखान्याचा जिना कोणता, हे लंगडत येणारे लोक माझ्याच दुकानात विचारतात. लंगडणारा मनुष्य आज ना उद्या काठी घेणारच. सबब त्यांस खपात धरले. यास दूरदृष्टी म्हणतात.
आमच्या मंडळी केवळ ‘बाजारात तुरी’ एवढेच म्हणाल्या. म्हण पुरी करण्याची त्यांना सवय नाही.

दि. २१ जून
यंत्राचे उत्तर : खप दुप्पट होईल. दुकान राहिले. काठ्या घडवणाऱ्या कारागिरास भरघोस मागणी कळवली. त्याने विचारले, शेठ, काठ्या हव्यात की सरपण? मनुष्य असभ्य आहे.

दि. ८ जुलै
माल आला. दुकानात मावेना, म्हणून उरलेला घरी, जिन्यावर. सूनबाई म्हणाल्या, मामंजी, हा जिना चढायला मलाच एक काठी लागेल. ही मागणी त्वरित खपात नोंदवली.

दि. २६ जुलै
विक्री नाही. लोक लंगडत येतात, जिना विचारतात, आणि परतताना हातात दवाखान्यातील ॲल्युमिनियमची काठी असते. डॉक्टरांनी हाडे पाहावीत.

दि. १ ऑगस्ट
नातीने आकडे तपासले. विचारले, आजोबा, हे सगळे खरेच खपले? म्हणालो, खपण्याच्या मार्गावर आहेत. तिने ते सगळे पुसले. मग खरे आकडे भरले. यंत्र म्हणाले : या महिन्यात खप, एक.
चिरंजीवांस बजावले की एक जरी गिऱ्हाईक असले तरी दुकान बंद करणे अनीतीचे आहे. ते म्हणाले, बरं बाबा, ती एक खपू द्या, मग बघू.

दि. २७ ऑगस्ट
ते गिऱ्हाईक अद्याप आलेले नाही. वेळ पडल्यास मीच घेईन. वास्तविक मला गरज नाही. मी ताठ चालतो.

दि. ३० ऑगस्ट, दुपारी
जिन्यावरील मालावरून घसरलो. गुडघा. चिरंजीवांनी उचलून दुकानासमोरच्या डॉक्टरांकडे नेले. संकटातही प्रसंगावधान राखून म्हणालो, माझ्या दुकानातील शिसवी काठी आणा, पूर्ण किमतीत घेतो. डॉक्टर म्हणाले, लाकडी नको काका, घसरेल. कंपाउंडरने ॲल्युमिनियमची हातात दिली.

दि. ३१ ऑगस्ट
दुकानाची किल्ली दिली. चिरंजीव हात पुढे करीत नव्हते, मीच ठेवली. मंडळींनी जिना मोकळा केला.
यंत्राने एक सांगितली होती. एकही खपली नाही. यंत्र चुकले. मी आरंभापासून हेच सांगत होतो.