खुर्चीमागची जागा

प्रिय चिमणे,

प्रिय लिहिलंय ते हाताच्या सवयीने, लगेच हुरळून जाऊ नकोस. काल राजवाड्याचा शिंपी दारात येऊन उभा राहिला. तुमच्या लेकीचं माप घ्यायला आलोय, म्हणाला. कशासाठी, तर राणीसाहेबांच्या सेवेत रुजू होण्याच्या पोशाखासाठी. नाव कुणी दिलं, तर तिच्या मावशीने. मी तोंडावर हसू ठेवून त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर मात्र तुझा असा उद्धार केला की मोलकरीण भांडी तशीच टाकून परसात पळाली.

कळतंय गं मला सगळं. ज्या घराण्याची लेक, निदान भाची तरी, सेवेत नसते, त्या घरच्या बाईची बैठक दरबारात मागे जाते. तुझी यंदा खांबाआड गेली म्हणे. पुढच्या गालिच्यावर बसायची हौस तुझी, आणि त्यासाठी उभं राहायचं माझ्या पोरीने? तुझी लेक मात्र नाजूक. जरा उभं राहिलं की तिला चक्कर येते, नाही का?

उभं राहणं म्हणजे काय, ते तुला कसं कळणार? लहानपणी आपल्या घरी बोलावणं आलं ते तुला. तू न्हाणीघराची कडी लावून रडत बसलीस आणि आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, तू थोरली आहेस. झालं, मी गेले. राणीसाहेब जेवताना त्यांच्या खुर्चीमागे उभी, पत्ते खेळताना उभी, अंगात ताप असला तरी उभी. त्यांनी हात मागे केला की त्यात रुमाल हवा. त्यांना वळून बघावं लागलं तर आपली धडगत नाही. मला लग्नाची परवानगी मिळेपर्यंत बाबा गेलेसुद्धा. तुझं लग्न मात्र माझ्या त्या उभं राहण्यावरच एवढ्या मोठ्या घरात जमलं.

अजूनही खुर्ची सरकल्याचा आवाज आला की मी ताडकन उठते. लेक चिडवते, आई, राणीसाहेब आल्या का गं? आणि काल तीच माप देताना गिरक्या घेत होती. तू तिला रेशमाच्या आणि मेजवान्यांच्या गोष्टी सांगितल्यास, सुजलेल्या पायांची सांगितली नाहीस. लाज कशी वाटली नाही तुला?

आज सकाळी सेवेकरणींवर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाईंना भेटून आले. दिलेलं नाव मागे घेता येत नाही, पण त्याऐवजी नात्यातलं दुसरं देता येतं. त्यांनी तुझ्या मुलीबद्दल विचारलं. तिचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, चिमणे. पण तिला मी न्हाऊमाखू घातलंय, त्या पोरीने काय केलंय? मग माझंच नाव दिलं. हे गेल्यापासून मला अडवायला आहे कोण? बाई खूश झाल्या, जुन्या माणसाला शिकवावं लागत नाही म्हणाल्या. शिंपी उद्या पुन्हा येतोय, माझं माप घ्यायला.

लेकीला तुझ्याकडे पाठवतेय, हे बंद पत्र तिच्याच हाती देऊन. तिला सांभाळ. जेवताना आधी तिला बसव, मग तू बस. आई का गेली असं तिने विचारलं, तर तुझ्या तोंडाने खरं सांग. आणि पुढच्या दरबारात गालिच्यावर बसलीस की मान वर करून खुर्चीमागे बघ.

तुझीच, पुन्हा उभी राहिलेली,
ताई