दोन वर्षांची अट

८ मार्च १९८३, मंगळवार
—आणि चौथा कागदही फाडला. गुंडू कांदा चिरता चिरता बघत होता. म्हणाला, ‘मास्तर, तुमी लिवतासा का कोरतासा?’
त्याला सांगितलं, तुझ्या लायसन्सचा अर्ज आहे, गंमत नाही. एक शब्द चुकला तर दोन वर्षं पुरी होईपर्यंत थांबावं लागेल.
‘मग चुकू नगासा की!’
सोपं आहे सगळं. कांदा चिरणाऱ्याला.

९ मार्च
नियम असा : लाइट लायसन्सला दोन वर्षं झाल्याशिवाय हेवीची परीक्षा देता येत नाही. गुंडूला तेरा महिने झालेत. मुदतीआधी बसायचं तर सूट हवी. त्यासाठी अर्ज, अर्जात सबळ कारण. आणि कारण लिहायला मी. एम. ए. मराठी, इथे आखातात सित्र्याच्या यार्डात टाइमकीपर.
नवा ट्रेलर महिनाअखेरीस येतोय. अरबाबनी, म्हणजे आमच्या मालकांनी, गुंडूला सांगून टाकलंय — तोवर लायसन्स आणलंस तर ट्रेलर तुझा, नाहीतर बाहेरून ड्रायव्हर मागवतो. ट्रेलरवाल्याला फॅमिली व्हिसा मिळतो. शिवाय बुदैयाच्या रस्त्याला कंपनीची खोली.
गुंडूच्या लग्नाला पाच वर्षं झाली. शेवंतीबरोबर राहिला सात महिने. आकडा तोच सांगतो, न विचारता, भाकरी थापताना.
तो गेला की या आमच्या गुदैबियाच्या खोलीत भाकरी कोण करणार, हा मुद्दा अर्जात घेतलेला नाही.

१० मार्च
वाळू. दिवसभर वाळू. एक ओळही झाली नाही.

११ मार्च, शुक्रवार
सुट्टी. गुंडूने ट्रंकेतून गावाकडचा दाखला काढला. साखर कारखान्यावर सहा वर्षं उसाचे ट्रक चालवले त्याचा. प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर आणखी एक पिशवी. मी आनंदाने उघडला. ‘सदर इसम माझे चांगले परिचयाचे असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. ते निर्व्यसनी आहेत.’ जांभळा शिक्का. सरपंचांची सही.
ट्रकचं नाव नाही! उसाचंही नाही!
‘गुंडू, यात तू ट्रक चालवतोस हे कुठे आहे?’
‘ते सगळ्या गावाला म्हाईत हाय की. त्ये कशाला लिवतील?’
बरोबर आहे. गावाने त्याला शंका होती तेवढंच लिहून दिलं — व्यसनाबद्दल.

१२ मार्च
अर्ज अख्तरुन्निसाबाईंकडे दिला. या आमच्या ऑफिसच्या टायपिस्ट, हैदराबादच्या. माझ्या इंग्रजीकडे त्या नेहमी चष्म्यावरून बघतात. वाचून म्हणाल्या, ‘मास्टरसाब, ये अर्जी है की रिश्ते का पैगाम? इत्ती तारीफ तो लोगां दामाद की बी नहीं करते.’
खरं होतं. कष्टाळू, नम्र, धीराचा — सगळी विशेषणं. मुलांच्या वहीत मी अशीच वाक्यं लाल शाईने कापत असे. विशेषण पुरावा नव्हे. वस्तुस्थिती लिहा.
सगळं खोडलं. त्याजागी एकच वाक्य : ‘गेल्या जुलैपासून आठ महिने हा इसम कंपनीचा पाण्याचा टँकर रोज सित्रा ते बुदैया एकही अपघात न करता चालवीत आहे.’
उत्तम वाक्य. एकही शब्द जास्त नाही. बाईंनी टाइप केलं, अरबाबनी न वाचता सही केली.

१३ मार्च
गुंडू शेवंतीला पत्र लिहीत बसला होता. डोकावलो तर हाताने झाकलं. म्हटलं, मंजुरीआधीच पत्र? म्हणाला, ‘नुस्तं इचारलंय, इमानात भ्या वाटतंय का म्हणून.’

१५ मार्च
ट्रॅफिक ऑफिसचं बोलावणं. दोघांना! उद्या दहाला. गुंडूने शर्टाला दोनदा इस्त्री केली. मला म्हणाला, ‘तुमच्या इंग्रजीवर खूष झाला असंल सायब.’
मलाही तसंच वाटलं. इथे कबूल करायला हरकत नाही.

१६ मार्च
अधिकारी चाळिशीचा, नीट कातरलेली मिशी. इंग्रजी आमच्या प्राचार्यांपेक्षा बरं. माझ्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली. त्याने ते मोठ्याने वाचलं. मग विचारलं, ‘टँकरला कुठलं लायसन्स लागतं?’
हेवी.
‘याच्याकडे कुठलं आहे?’
तेव्हा कळलं. लाइट लायसन्सवर आठ महिने टँकर — गुन्हा मी स्वतः लिहून, टाइप करून, कंपनीच्या शिक्क्यासह पोहोचवला होता.
‘तुम्ही याचे वकील आहात की याच्याविरुद्धचे साक्षीदार?’ त्याच्या मिशीखाली हसू होतं. माझ्याकडे नव्हतं.
मग तो गुंडूकडे वळला. ‘चाबी कौन दिया?’
गुंडू म्हणाला, ‘साब, चाबी हम खुद लिया. मास्तर को कुछ मालूम नई.’
एवढा सरळ माणूस आणि एवढं वाईट खोटं. हे टिकलं असतं तर तो चोर ठरला असता. लायसन्स राहू दे, पहिल्या विमानाने परत.
मी म्हणालो, ‘चावी मी दिली. रोज सकाळी. वहीत माझी सही आहे.’
हे खरं आहे. पहिल्या दिवशी अरबाब स्वतः म्हणाले होते, ‘चावी दे त्याला, यल्ला, आटप!’ — हेही खरं आहे. त्यांचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण व्हिसा त्यांच्या हातात. शेवंतीचासुद्धा. गिळलं.
अधिकाऱ्याने अर्जाला जोडलेल्या दाखल्याच्या जांभळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं. त्यात काय लिहिलंय, म्हणाला. मी भाषांतर करून सांगितलं. ‘निर्व्यसनी’ला तो मोठ्याने हसला. ‘आठ महिने, अपघात नाही?’ नाही. ‘ठीक. बसू दे परीक्षेला. टँकरला मात्र हात लावायचा नाही.’
सूट मिळाली! पेनाचं टोपण काढता काढता म्हणाला, चावी देणाऱ्याचं काय केलं ते कंपनीने लेखी कळवावं. तसा शेराही मारला.
बाहेर आल्यावर गुंडूने चहा पाजला. ‘मास्तर, वाक्य लई भारी व्हतं तुमचं.’
कप फेकून मारणार होतो.

१७ मार्च
ट्रॅफिक ऑफिसच्या पत्राची प्रत अरबाबकडे गेली. त्यांनी ती खणात ठेवली. बाई म्हणाल्या, ‘दो बातां सुनाएंगे, बस.’ मीही तेच धरून चाललोय.

२२ मार्च
परीक्षा. पिंपांच्या दोन रांगांमधून ट्रक मागे घ्यायचा. गुंडूने एकाही पिंपाला न शिवता ट्रक आत नेला. परीक्षक म्हणाला, पुन्हा कर. पुन्हा केलं. मग म्हणाला, ‘खलास, पास.’
मी फाटकाबाहेर उन्हात. गुंडू धावत आला आणि चक्क माझ्या पाया पडला. रस्त्यात! चार मल्याळी बघत होते. म्हटलं, ऊठ, वर्तणूक चांगली ठेव.

२३ मार्च
ट्रेलर आठ दिवस आधीच आला. लाल. गुंडू दोनदा पुसून आला. अरबाबनी शेवंतीच्या व्हिसाच्या अर्जावर सही केली. हा अर्ज मी तीन ओळींत लिहिला. बाई म्हणाल्या, ‘अब सीखे.’

२४ मार्च, गुरुवार
सहाला गुंडू ट्रेलर घेऊन गेला. आठला अरबाबनी बोलावलं. टेबलावर माझा पासपोर्ट, त्यात शनिवारचं मुंबईचं तिकीट. शेजारी ट्रॅफिक ऑफिसला पाठवायचं उत्तर : ‘चावी देणाऱ्याला कामावरून काढलं आहे.’ गुंडूला अजून माहीत नाही. तो पाचला येतो.